अक्कांच्या टाकीला गोड चालत नाही

अक्का, आधी वाईट बातमी. तुमच्या तेराव्याला उरलेली बुंदी टाकीत गेली. नुसती बुंदी असती तरी एक वेळ चाललं असतं, पण तिच्यामागोमाग अर्धं पातेलं वरण, दोन घमेली भात आणि वांग्याच्या भाजीचा तळही गेला. तुमच्या संजूनं ओतलं, मी ओट्यावर बसून पाहिलं आणि त्याला अडवलं नाही.

पोराच्या मनात वाईट काही नव्हतं. "काकू, आईला अन्न वाया गेलेलं कधी चाललं नाही," असं म्हणत तो पातेलं तिरकं करत होता आणि रडत होता. रडणाऱ्या माणसाला 'थांब, आम्लता वाढेल' असं कसं म्हणायचं? जन्मभर हायस्कुलात विज्ञान शिकवलं असलं तरी एवढी अक्कल मला आहे. शिवाय गप्प बसायला मला दुसरंही एक कारण होतं. त्यावर येते. तुमच्याशी बोलताना मी लगेच मुद्द्यावर आले, असं कधी झालंय?

हे वाचणाऱ्या बाकीच्यांना थोडं सांगते, तोवर तुम्ही म्हशीकडे बघा. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आमच्या दोघींची दारं एकाच अंगणात उघडतात आणि अंगणाच्या टोकाला, गोठ्यालगत, गोबर गॅसची टाकी आहे. जमिनीत बांधलेला खोल हौद आणि त्यावर तरंगणारं मोठं लोखंडी झाकण. शेण-पाणी कालवून कुंडीतून आत सोडायचं. आत गॅस धरला की झाकण वर उचललं जातं आणि नळीतून गॅस आमच्या दोन्ही घरच्या शेगड्यांना येतो. टाकी मंजूर करून आणली माझ्या थोरल्या दिरांनी, म्हणजे दादांनी. खड्डा खणला गड्यांनी, बांधली गवंड्यानं. पण टाकी अक्कांची. रोज सकाळी कोपरापर्यंत हात घालून शेणातली काडी न् काडी त्या वेचायच्या आणि मगच कुंडीचं बूच काढायच्या.

दसऱ्याला तुम्ही त्या झाकणाला झेंडूचा हार घालायचात, अक्का, आणि मी दर वर्षी हसायचे.

"अक्का, ते पिंप आहे."

"पिंप कसं आसंल? रोज खातंय, रोज देतंय. पिंपाला रुसवा येतो व्हय?"

रुसवा येतो हे खरं होतं. थंडी पडली की टाकी रुसायची, शेण पातळ झालं की रुसायची. एका उन्हाळ्यात आपण दोघी अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो, तेव्हा मी ठरवलं की आज अक्कांना सगळं नीट समजावून सांगायचं. आठवतं? मी चक्क जमिनीवर काडीनं आकृती काढली होती. म्हटलं, आत हवा अजिबात नसते. त्या अंधारात डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात आणि त्यांनी कामं वाटून घेतलेली असतात. पहिले असतात ते खादाड. शेण द्या, पाला द्या, काहीही द्या, भराभर फोडतात आणि त्याची आम्लं करून टाकतात. दुसरे त्यातली जड आम्लं घेऊन आणखी फोडतात. त्यातून राहतं व्हिनेगरमधलं आम्ल आणि हायड्रोजन. तिसरे सगळ्यांत संथ आणि सगळ्यांत नाजूक. ते व्हिनेगर आणि हायड्रोजन खातात आणि मिथेन सोडतात. मिथेन म्हणजे आपल्या शेगडीत जळतो तो.

"आणि खरी गंमत पुढेच आहे," मी म्हटलं. "दुसऱ्यांचं काम तिसऱ्यांवर अडलेलं असतं. हायड्रोजन साचला की दुसऱ्यांना पुढचा घासच घेता येत नाही. शेजारच्यानं तो लगोलग उचलला तरच त्यांचं चालतं. आणि यांनी फोडून दिलं नाही तर शेजारचा उपाशी. म्हणून ते एकमेकांना चिकटून राहतात."

नववीच्या वर्गाला हे सांगितलं असतं तर शेवटच्या बाकावर दोघं झोपले असते. तुम्ही शेंग फोडलीत, दाणे सुपात टाकलेत आणि म्हणालात, "म्हंजी जावाजावा."

"कसं काय?"

"एकीनं आंबट वकायचं, दुसरीनं गिळायचं. तवा कुटं चूल पेटायची."

मी पोट धरून हसले आणि मग माझ्या तोंडून निसटलं, "मग आपल्यातली गिळणारी कोण?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाहीत. "तूच सांग की शैले. बीएस्सी तू हाय."

तो वाद सुरू झाला तो संपलाच नाही. माझ्याकडे पुरावे भरपूर होते. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात मी केलेली भाकरी तुम्ही दादांच्या ताटातून उचलून म्हशीला घातलीत, आणि म्हशीनंही हुंगून सोडली असं सगळ्या गल्लीला सांगितलंत. ते मी गिळलं होतं. माझ्या नव्या मिक्सरला तुम्ही 'कर्णा' म्हणायचात, तेही गिळलं. तुमच्याकडे एकच पुरावा होता आणि तो तुम्ही सारखा पुढे करायचात. "तू बोलाया लागली की समोरचा नापास झाल्यागत वाटतंय. आमी कंदी काय म्हनलं?" आता कळतं की तुमच्याकडे याहून मोठा पुरावा होता आणि तो तुम्ही कधी काढला नाहीत.

माझ्या लेकीच्या, मनीषाच्या साखरपुड्याची गोष्ट. पाहुणे अंदाजापेक्षा कमी आले आणि जिलेबी उरली. खालच्या पातेल्यात पाक तर नुसता डोलत होता. मी म्हटलं, "अक्का, हे टाकीत घालू. साखरेतून शेणापेक्षा कितीतरी जास्त गॅस निघतो, पुस्तकात आहे." तुम्ही म्हणालात, "सनाचं मान्सानं खावं. तिला रोजचंच बरं, पोट बिगडंल." झालं. एक चौथी शिकलेली बाई मला, बीएस्सी बीएडला, जीवशास्त्र शिकवत होती. दुपारी तुम्ही दळण घेऊन गिरणीत गेलात, आणि मी ते पातेलं उचलून कुंडीत रिकामं केलं. जिलेब्यांसकट. पातेलं विसळून माझ्या मागच्या दाराशी उपडं घातलं आणि मनीषाच्या साड्यांच्या घड्या घालत बसले.

तिसऱ्या दिवशी झाकण असं वर आलं होतं की मला अंगणातून हिंडताना माझीच मान ताठ झाल्यासारखी वाटत होती. तुम्हाला बोलावलं. म्हटलं, बघा, किती गॅस आहे. तुम्ही शेगडीचा कान पिळून काडी लावलीत. काडी विझली. दुसरी लावलीत, तीही विझली. तिसरीला तुम्ही मला विचारलंत, "काडीपेटी वली हाय का गं?"

काडीपेटी कोरडी होती. ओलावा माझ्या डोक्यात होता. साखर मिळाल्यावर त्या खादाडांनी मेजवानी झोडली, आणि संथांना खाता येईल त्याच्या कितीतरी पट आम्ल करून ठेवलं. त्या आम्लानं संथ जीव बसले. जो गॅस वर आला तो आग विझवणारा, सोडा वॉटरच्या बाटलीत असतो तो. चौथ्या दिवशी आंबूस वास सुटला, शिळं लोणी आणि व्हिनेगर एकत्र केल्यासारखा. शेजारच्या विमलबाईंनी भिंतीवरून विचारलं, "लोनचं घातलं का काय?" मी शाळेतून लिटमस कागद आणला. निळा कागद बुडवला, क्षणात लाल झाला. मी तुम्हाला आम्लाचा पुरावा दाखवत होते आणि तुम्ही माझ्याकडे बघत होतात.

मग तुम्ही सगळ्यांसमोर निकाल दिलात. "म्हशीनं काय तरी खाल्लंय."

त्या क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. मी उघडलं, आणि म्हणाले, "हो, तसंच असेल." गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी त्या ठणठणीत म्हशीला औषध पाजलं आणि ती दोन दिवस हैराण होती. मी तिच्यासमोरून जायचं टाळत होते, अक्का.

टाकी तुम्ही बरी केलीत. मला चुन्याचं पोतं ओतायचं होतं. तुम्ही तांब्याभर चुन्याची निवळी घातलीत आणि म्हणालात, "आता उपास." शेण एक दिवस नाही, दोन दिवस नाही, अकरा दिवस बंद. आणि दादांना दोन दुधाचे कॅन देऊन तुमच्या माहेरी पाठवलंत, विरजण आणायला. तुमचं माहेर पाथर्डीपल्याड डोंगराच्या कडेला. तिथली माणसं दर वर्षी टोळीबरोबर ऊस तोडायला जातात, बैलंही नेतात, आणि मागे टाकी उपाशी पडते. उन्हाळ्यात ती परत आली की तुम्ही आपल्या टाकीतल्या रबडीचे, म्हणजे जिवंत शेणकाल्याचे, दोन कॅन पाठवायचात आणि त्यांची टाकी पुन्हा लागायची. त्या वर्षी उलट झालं, तिकडून आलं. अकराव्या दिवशी शेगडी निळी पेटली. तुम्ही झाकणाला हळद-कुंकू लावलंत. मी म्हटलं, हे रसायनशास्त्र आहे. तुम्ही म्हणालात, "आसंल की. त्येला बी लावते."

तर अक्का, या वेळी सगळं तसंच झालं. झाकण वर आलं, दादा चहा ठेवायला गेले आणि काडी विझली. ते बाहेर येऊन बाजेवर बसले. "ती आसती तर," एवढंच म्हणाले. संजूनं पुण्याला निघताना मला बाजूला घेतलं. "काकू, बास झालं आता. सिलिंडर आहे. हे शेण कालवणार कोण? मासिक श्राद्धाला येईन तेव्हा जेसीबीवाल्याला सांगतो, खड्डा बुजवू. गाडी लावायला जागा होईल."

त्याचं चुकत नव्हतं. पण तुमच्या साड्या वाटून झाल्या होत्या, फोटोला हार चढला होता, चष्मा कपाटात गेला होता. तुम्ही रोज आपल्या हातानं भरवलेलं आणि अजून जिवंत असलेलं असं त्या हौदातच काय ते उरलं होतं. ते जेसीबीनं मुरूम टाकून बुजवायचं, हे मला सोसण्यासारखं नव्हतं. मी त्याला वर्गातल्या आवाजात सांगितलं, "मासिकापर्यंत थांब. नाही पेटली तर बुजव." तो बिचारा 'हो मॅडम' म्हणाला. माझाच विद्यार्थी ना तो.

आणि मी तुमचं ऐकलं. पहिल्यांदा. पोतं नाही, तांब्याभर निवळी. शेण बंद. रोज सकाळी लिटमस बुडवायचा, रोज लाल. सहा दिवस झाले, सात झाले. हवेत गारवा आला होता. मग आठवलं, विरजण! आणि पाठोपाठ आठवलं की टोळी निघायची वेळ झाली. तुमच्या भावजयीला, हौसाबाईंना, फोन केला तर त्या म्हणाल्या, "परवाच्याला ट्रक येनार हाय. यायचं तर उद्या या."

निवृत्त शिक्षिका, हातात दोन रिकामे कॅन, एसटीनं पाथर्डीला उतरले आणि तिथून जीपमध्ये बसले. तुमच्या माहेरच्या जीपमध्ये मी कधी बसणार नाही अशी तुमची खात्री होती. तिघांच्या सीटवर आम्ही पाच जण होतो. हौसाबाईंच्या अंगणात पत्र्याच्या पेट्या, भांड्यांची बोचकी आणि धार लावलेले कोयते मांडून ठेवले होते. त्यांनी त्या गडबडीत चहा केला, त्यांच्या गॅसवर. ज्योत निळी. मी ती ज्योत बघत म्हटलं, "आमची आंबली हो. तेराव्याची बुंदी गेली आत."

त्या कॅन भरता भरता म्हणाल्या, "परत गोडच? मागं पाक, आता बुंदी. तुमच्या घरात गोड लई झालंय बाई."

माझ्या हातातली कपबशी थांबली. "पाक? कसला पाक?"

"आगं बया," असं म्हणून त्यांनी पदर तोंडाला लावला. मग पदरातूनच बोलल्या. "अक्का म्हनली हुती कुनाला सांगू नका. तुमी ओतला न्हाई का? मुंग्या लागल्या हुत्या. कुंडीपासनं जी रांग निघाली ती नीट तुमच्या मागल्या दारात, पातेल्यापतुर. अक्कानं वर राख टाकून झाडून काढली. म्हनली, मास्तरीन हाय, लाजंल. म्हशीला काय, तिला कुठं शाळंत जायाचंय."

मुंग्या, अक्का. मी पातेलं विसळलं, साड्यांच्या घड्या घातल्या, चेहरा कोरा ठेवला, आणि मुंग्यांचा विचार केला नाही. सातवीच्या धड्यात मुंग्यांची रांग मी स्वतः शिकवायचे.

परतीच्या जीपमध्ये मला रडू आलं. दोन्ही कॅन पायांशी, तोंड खिडकीकडे. रस्त्याला खड्डे होते, आतले जीव ताजे आणि भरल्या पोटाचे होते. एका मोठ्या दणक्याला एका कॅनचं झाकण 'फट्' करून उडालं आणि समोरच्या पाहुण्याच्या टोपीला लागलं.

"बाई, दूध नासलं जनू तुमचं."

मी डोळे पुसत म्हटलं, "दूध नाही हो, शेण आहे. माझ्या जाऊबाईंचं."

पुढच्या थांब्यावर सीटवरचे सगळे मागे जाऊन दाटीनं उभे राहिले आणि मी पाथर्डीपर्यंत ऐसपैस आले.

कॅन रिकामे करताना दादा बाजेवरून उठले. त्यांनी एक कॅन धरला, वाकून कुंडीत पाहिलं आणि "हळू," म्हणाले. त्या दिवसापासून तेही रोज सकाळी माझ्या शेजारी उभे राहायचे, लिटमस बघायला. लाल. लालच. मग गुलाबी. मग एका सकाळी दादा म्हणाले, "जांभळा दिसतोय का मलाच?" जांभळाच होता. मी ओंजळभर शेण कालवून दिलं, दुसऱ्या दिवशी दोन ओंजळी. आजाऱ्याला पेज देतात तसं.

काल मासिक होतं. संजू सकाळीच आला, जेसीबीवाल्याचा नंबर मोबाईलवर काढून ओट्यावर बसला. नैवेद्याचं सगळं करायचं होतं, पण आम्ही तिघं तुमच्या शेगडीभोवती उभे होतो. मी काडी लावली, विझली. संजूनं माझ्याकडे पाहिलं नाही, हे त्याचे उपकार. दुसरी लावली, 'फुप्' करून पिवळी ज्योत उठली, डगमगली, एका बाजूनं गेली, परत आली, आणि मग सगळी वर्तुळभर निळी झाली. दादांनी चहाचं आधण ठेवलं. संजूनं मोबाईल खिशात घातला. त्याचे डोळे भरले होते, आणि मला वाटलं की आता सांगितलं नाही तर मी कधीच सांगणार नाही.

"मला काहीतरी सांगायचंय. मनीषाच्या साखरपुड्याला टाकी आंबली ती म्हशीमुळे नाही. पाक मी ओतला होता."

दादांनी साखर घातली. चमचा फिरवला. "म्हायती हाय की."

"काकू, मलाही," संजू म्हणाला.

भिंतीपलीकडून विमलबाईंचा आवाज आला. "बाई, मुंग्या आमच्या दारावरनंच गेल्त्या!"

"मग कुणी बोलला का नाहीत?" मी विचारलं. माझा आवाज वर्गातला लागला असावा, कारण दादा जरा दचकले.

"तिनं शपथ घातली हुती," ते म्हणाले. "म्हशीची."

तर अक्का, एवढी वर्षं माझं आंबट तुम्ही एकट्यानं नाही गिळलंत, सगळ्या घराला गिळायला लावलंत, आणि वर शेजारच्या घरालाही. आणि मी तुमच्यासमोर आकृत्या काढत बसले होते, कोण कोणाचं उचलतं ते शिकवत. वाद मिटला. गिळणाऱ्या तुम्ही होतात. हे तुम्ही असताना एकदा म्हणायला हवं होतं. शेंगा फोडता फोडताही म्हणता आलं असतं, पाच शब्दही लागले नसते. नाही म्हटलं, त्याचं मला फार वाईट वाटतंय.

आज सकाळी कोपरापर्यंत हात घालून मी शेणातल्या काड्या वेचल्या. तुमच्याइतक्या नीट निघाल्या नाहीत. मग झाकणाला कुंकू लावलं. रसायनशास्त्रालाच लावलं, दुसरा काही अर्थ काढू नका. आणि मग तुमच्या गॅसवर भाकऱ्या केल्या, त्यातली पहिली घेऊन गोठ्यात गेले. तीच म्हैस आहे, औषध प्यालेली. तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, चुकलं माझं.

तिनं भाकरी हुंगली, बराच वेळ माझ्याकडे पाहिलं, आणि खाल्ली.